केमो संपली, मग खुबा का दुखतो?

कर्करोग झाला की इंदूरजवळच्या राऊमधला माणूस उपचारांसाठी इंदूरला किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात जातो. हाडांचं दुखणं मात्र तो राऊला परतल्यावर, कधी वर्षभरानं, डोकं वर काढतं. घरचे म्हणतात, 'अशक्तपणा आहे, होईल बरं.' खरं तर दुखणं कधी सुरू झालं, यावरून त्याचं कारण बरंचसं कळतं.

पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधानंतर दोन-तीन दिवसांत अंग ठणकू लागतं आणि साधारण आठवड्यात थांबतं. पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या फिलग्रास्टिमच्या इंजेक्शननं कंबर, मांड्यांची हाडं दुखतात, कारण आतली मज्जा जोरात कामाला लागलेली असते. यात घाबरण्यासारखं सहसा काही नसतं.

स्तनाच्या कर्करोगात पुढे अनेकदा पाच वर्षं किंवा त्याहून जास्त काळ लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल अशी रोजची गोळी असते. तिनं इस्ट्रोजेन घटतं आणि जवळपास निम्म्या बायकांचे सांधे धरतात. सकाळी मूठ वळत नाही. त्रासून अनेकजणी गोळी परस्पर बंद करतात. हे मला सर्वांत धोक्याचं वाटतं, कारण आजार उलटू नये म्हणूनच ती दिलेली असते. डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात. शिवाय अमेरिकेतल्या एका अभ्यासात (2015) आठवड्याला अडीच तास चालणं आणि दोनदा वजनांचा व्यायाम केलेल्या बायकांचं दुखणं वर्षभरात सुमारे 30 टक्क्यांनी कमी झालं.

हाडांची झीज मात्र दुखत नाही. केमोमुळे पाळी लवकर बंद झालेल्या तरुणीचीही हाडं झपाट्यानं विरळ होतात. ते डेक्सा तपासणीत कळतं. त्यावर झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड हे औषध घ्यायचं ठरलं, तर आधी दात तपासून घ्यावेत. त्या औषधावर असताना दात काढला, तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही.

रक्ताच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या किशोरवयीन मुलांकडे तर डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं. केमोबरोबर दिलेल्या डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडनं खुब्यातल्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि हाड आतून मरू लागतं. जांघेत किंवा नुसत्या गुडघ्यात दुखतं, मुलगा किंचित लंगडतो. सुरुवातीच्या एक्स-रेत यातलं काहीच दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. गोळा एकदा खचला की बहुतेकदा कृत्रिम सांधाच बसवावा लागतो. म्हणून अशा मुलाला हाडांच्या डॉक्टरांकडे नेताना केमोची जुनी फाईल बरोबर न्यावी, आणि एक्स-रे स्वच्छ आला तरी एमआरआयचं विचारावं.