ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगमधील अडकलेला बॉल जॉईंट कसा काढावा?

पुसद तालुक्यात पूस नदीकाठच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात काम केलेल्या ट्रॅक्टरच्या पुढील आसावर चिकट चिखलाचा थर बसतो. बॉल जॉईंटचे रबरी बूट फाटलेले असल्यास त्यातून पाणी व माती आत शिरते, ग्रीस धुऊन जाते आणि सांधा झिजतो. स्टिअरिंगला जास्त ढिलाई येणे, पुढील चाके थरथरणे व टायर एका कडेने झिजणे ही त्याची लक्षणे होत. अशा अवस्थेत कापसाची भरलेली ट्रॉली घेऊन घाटरस्त्याने जाणे धोक्याचे आहे. सांधा निखळल्यास चाकावर ताबा राहत नाही.

सांधा का अडकतो?

बॉल जॉईंटचा दांडा निमुळता असतो व तो स्टिअरिंग आर्मच्या तशाच निमुळत्या छिद्रात घट्ट बसतो. कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकलेल्या पाचरीप्रमाणे ही पकड केवळ घर्षणाची असते. त्यात गंजाची भर पडली की नट काढूनही दांडा हलत नाही.

काढण्याची पद्धत

१) ट्रॅक्टर सपाट, कडक जागेवर उभा करून हँडब्रेक लावावा. मागील चाकांना पुढून व मागून ठोकळे लावावेत. पुढील आस मध्यभागी खिळीवर झुलतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी बसवाव्यात. आस जॅकने उचलून मजबूत घोडीवर टेकवावा. केवळ जॅकच्या भरवशावर काम करू नये.

२) माती तारेच्या ब्रशने साफ करावी. गंज सोडविणारे तेल लावून सांधा रात्रभर तसाच ठेवावा.

३) दोन्ही बॉल जॉईंटच्या मध्यबिंदूंमधील अंतर मोजून लिहून ठेवावे.

४) स्प्लिट पिन काढून नट सैल करावा, परंतु पूर्ण काढू नये. तो दांड्याच्या टोकाशी समतल ठेवावा. त्यामुळे आटे सुरक्षित राहतात व सांधा एकदम निसटून अंगावर येत नाही. नटाबरोबर दांडाही फिरत असल्यास सांध्याचे घर आर्मकडे दाबून धरावे, म्हणजे पकड घट्ट होते.

५) शक्य असल्यास पुलर लावून ताण द्यावा. मग आर्मच्या डोळ्याच्या एका बाजूस जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूस हातोड्याचे जोरदार ठोके द्यावेत. ठोक्यामुळे छिद्र क्षणभर किंचित लांबट होते, पकड सुटते व दांडा खाली येतो. डोळ्यांवर चष्मा असावा.

६) टायरॉडवरील लॉकनट सैल करून जुना सांधा किती फेऱ्यांत निघतो ते मोजावे. टायरॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, हे लक्षात ठेवावे.

काय करू नये

दांड्याच्या टोकावर घणाने मारू नये. आटे बसतात, टोक फुगते व काम अधिकच कठीण होते. दोन पात्यांची पाचर ठोकल्यास रबरी बूट फाटते, म्हणून सांधा पुन्हा वापरावयाचा असल्यास ती टाळावी. गॅसची ज्योत मुळीच वापरू नये. आतील ग्रीस पेटते, बंद सांधा फुटू शकतो आणि आर्मच्या पोलादाची ताकद कमी होते.

नवीन सांधा बसविताना

छिद्र स्वच्छ व कोरडे असावे, त्यात ग्रीस लावू नये. छिद्र लांबट झाले असल्यास आर्मच बदलावा. सांधा मोजलेल्या फेऱ्यांइतकाच बसवावा व लिहिलेले अंतर जुळवून पाहावे. नट माहितीपुस्तिकेतील जोराने आवळावा. पिनेचे छिद्र जुळत नसल्यास नट थोडा पुढेच आवळावा, मागे कधीही फिरवू नये. स्प्लिट पिन नेहमी नवीनच वापरावी. सांध्यास ग्रीस निपल असल्यास ग्रीस भरावे. पुढील चाकांचा टो-इन पुस्तिकेप्रमाणे तपासावा व पहिल्या दिवसाच्या कामानंतर नट पुन्हा पाहावा.

पेरणीच्या दिवसांत वाफसा ट्रॅक्टरसाठी थांबत नाही. म्हणून मे महिन्यातच रबरी बूट तपासून घ्यावेत व खराब सांधे बदलावेत.