ॲफिलिएट मार्केटिंगमध्ये पैसे देऊन जाहिरात: टेस्टिंग कसं करायचं आणि कुठे थांबायचं



ॲफिलिएट मार्केटिंगवरच्या व्हिडिओनंतर मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हा: "सर, माझे फॉलोअर्स नाहीत, वेबसाइटवर कोणी येत नाही. मग गुगलवर किंवा फेसबुकवर जाहिरात लावून लोक आणले तर चालेल का?"

चालेल. पण जाहिरात लावायच्या आधी कागद-पेन घ्या. कारण इथे पैसे पहिल्या मिनिटापासून जातात आणि येतात मात्र दोन-तीन महिन्यांनी. मधल्या काळात कधी चालू ठेवायचं आणि कधी बंद करायचं हे ज्याला कळतं, तोच टिकतो. आज तेवढंच शिकूया.

आधी धंदा नेमका कसला आहे ते बघा

ॲफिलिएट मार्केटिंग म्हणजे दुसऱ्याचा माल आपल्या लिंकवरून विकून द्यायचा आणि कमिशन घ्यायचं. नवीन काही नाही. ॲमेझॉनने आपला असोसिएट्स प्रोग्राम १९९६ साली सुरू केला. गोडाऊन नको, डिलिव्हरी नको, रिटर्नची कटकट आपल्या दारात नको. म्हणून लोकांना वाटतं, भांडवल लागत नाही.

फुकटच्या मार्गाने, म्हणजे यूट्यूब किंवा लेख लिहून ग्राहक आणले, तर भांडवल वेळेचं असतं. पण जाहिरात लावली की तुम्ही सरळ व्यापारी झालात. तुमचा माल म्हणजे क्लिक. गुगलकडून क्लिक विकत घ्यायचा आणि कमिशनच्या रूपात विकायचा. मी माझ्या भांड्यांच्या दुकानात कुकर घेताना खरेदी दर आणि विक्री दर बघतो, तसेच क्लिकचेही दोन दर असतात. हे दोन आकडे माहीत नसताना जाहिरात चालवणं म्हणजे बिल न बघता माल भरणं.

एका क्लिकचा हिशोब

उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी सोपे धरलेत, तुमचे वेगळे येतील.

घरगुती शिलाई मशीन, किंमत १०,००० रुपये. कमिशन ५ टक्के, म्हणजे एका विक्रीला ५०० रुपये. दहातली एक ऑर्डर रद्द होते किंवा परत जाते असं धरा. मग एका ऑर्डरमागे हातात सरासरी ४५० रुपये पडतात. हिशोब नेहमी ४५० वर करायचा, ५०० वर नाही.

आता खर्च. एक क्लिक ६ रुपयांना पडतो. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७.०८ रुपये. (तुमची जीएसटी नोंदणी असेल तर इनपुट क्रेडिटबद्दल सीएंना विचारा.) १,००० क्लिकचे झाले ७,०८० रुपये.

हे १,००० लोक तुमच्या पेजवर आले. त्यातले ३०० जण पेज वाचून विक्रेत्याच्या साइटवर गेले. त्यातल्या १० जणांनी मशीन घेतली. तुमची कमाई ४,५०० रुपये. तोटा २,५८० रुपये.

इथे बहुतेक जण म्हणतात, "ॲफिलिएट चालत नाही." थांबा. खर्च भरून निघायला १,००० क्लिकमागे १६ विक्री लागतात, आपल्याकडे १० आहेत. प्रश्न एवढाच आहे की १० आणि १६ मधलं अंतर कापता येतं का. ते कापण्याच्या कामालाच टेस्टिंग म्हणतात.

टेस्टिंग: एका वेळी एकच बदल

पहिला बदल: कोण येतंय ते बघा. गुगल ॲड्समध्ये सर्च टर्म्सचा रिपोर्ट मिळतो. लोकांनी काय शोधलं आणि तुमच्या जाहिरातीवर आले, ते त्यात दिसतं. "शिलाई मशीन" या शब्दावर जाहिरात लावली, तर "मोफत शिलाई मशीन योजना" शोधणारी ताईसुद्धा तुमच्याकडे येणार. तिला सरकारी योजना हवी आहे, विकत मशीन नकोय. तिच्या क्लिकचेही ७.०८ रुपये गेलेच. म्हणून "मोफत", "योजना", "जुनी", "दुरुस्ती" हे शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये टाका.

दुसरा बदल: पेज. फक्त फोटो आणि "आत्ताच खरेदी करा" असं बटण असेल, तर लोक थांबत नाहीत. ब्लाउज शिवायला कोणती मशीन, फॉल-पिकोला कोणती, मोटर लागते का, सर्व्हिस कुठे मिळते, हे साध्या मराठीत लिहा. समजा पुढे जाणारे ३०० चे ४५० झाले आणि त्याच प्रमाणात खरेदी वाढली. मग विक्री १५, कमाई ६,७५० रुपये. तोटा उरला ३३० रुपये.

तिसरा बदल: जाहिरातीची ओळ. नेमकी ओळ लिहिली आणि क्लिक ६ वरून ५ रुपयांवर आला, तर जीएसटी धरून खर्च ५,९०० रुपये. कमाई तीच, ६,७५०. आता ८५० रुपये नफा.

गंमत बघा. नुसता क्लिक स्वस्त झाला असता आणि पेज जुनंच राहिलं असतं, तर कमाई ४,५०० आणि खर्च ५,९००, म्हणजे तोटाच. नुसतं पेज सुधारूनही तोटाच होता. दोन्ही सुधारणा एकावर एक बसल्या तेव्हा नफा झाला. म्हणून एका बदलाने जमलं नाही म्हणून सोडू नका. आणि तिन्ही बदल एकाच दिवशीही करू नका, नाहीतर कशामुळे फरक पडला हे कळणारच नाही.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात करत असाल तर अजून एक गोष्ट. मेटाच्या सिस्टीमला शिकायला एका ॲड सेटमागे आठवड्यात साधारण ५० रिझल्ट लागतात. रोज सकाळी उठून फोटो, बजेट, ऑडियन्स बदललं की ते शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. आणि विक्रेत्याच्या साइटवर तुमचा पिक्सेल बसत नाही, त्यामुळे मेटाला फक्त तुमच्या पेजवरचा क्लिक दिसतो, खरेदी नाही. म्हणून प्रत्येक जाहिरातीला वेगळा ट्रॅकिंग आयडी द्या. कोणत्या जाहिरातीतून खरी विक्री आली, हे तुम्हालाच वहीत जुळवावं लागेल.

कधी थांबायचं? तीन कमिशनचा नियम

आता सगळ्यात महत्त्वाचं. शंभर क्लिक झाले, एकही विक्री नाही. बंद करायचं का?

समजा तुमची जाहिरात खरंच चांगली आहे आणि शंभर क्लिकमागे सरासरी २ विक्री देणारी आहे. तरीही पहिल्या शंभर क्लिकमध्ये शून्य विक्री येण्याची शक्यता १०० पैकी जवळपास १३ वेळा असते. हा निव्वळ योगायोगाचा भाग. तेवढ्यावर बंद केलं तर चांगली जाहिरात मारून टाकाल.

मग मर्यादा कुठे? संख्याशास्त्रातला तिनाचा नियम इथे कामाला येतो. आपल्या भाषेत सांगतो: हातात पडणाऱ्या कमिशनच्या तिप्पट खर्च झाला आणि तरी एकही विक्री नाही, तर ती जाहिरात बंद. आपल्या उदाहरणात ४५० गुणिले ३, म्हणजे १,३५० रुपये, साधारण १९० क्लिक. जी जाहिरात निदान खर्च भरून काढते, तिच्यात एवढ्या खर्चात शून्य विक्री येण्याची शक्यता १०० पैकी फक्त ५ असते. इथे थांबणं शहाणपणाचं.

एक-दोन विक्री आल्या असतील तर? तोटाच आहे, पण निकाल लागलेला नाही. बजेट वाढवू नका, एक बदल करा आणि पुन्हा मोजा.

यावरून भांडवलही ठरतं. एका टेस्टला १,३५० रुपये, तर चार-पाच टेस्टसाठी साडेपाच ते सात हजार रुपये बाजूला हवेत. हे पैसे घरखर्चाचे नकोत, दुकानातल्या मालाचे नकोत आणि कर्जाचे तर अजिबात नकोत. एवढे नसतील तर आधी कमी किमतीचे क्लिक मिळणारा विषय शोधा, किंवा फुकटच्या मार्गाने सुरुवात करा.

भवानी झाली म्हणजे नफा झाला असं नाही

उलटंही होतं. जाहिरात लावली आणि पहिल्याच दिवशी विक्री आली. माणूस हवेत, बजेट दहापट.

दुकानात सकाळी लवकर भवानी झाली म्हणून आपण संध्याकाळचा गल्ला आधीच मोजतो का? समजा जाहिरात मुळात अर्धाच खर्च भरून काढणारी आहे. तरी पहिल्या ४५० रुपयांच्या खर्चात किमान एक विक्री दिसण्याची शक्यता १०० पैकी ३९ असते. म्हणजे पहिली विक्री काहीच सिद्ध करत नाही. दहा विक्रींचा आकडासुद्धा योगायोगाने सात किंवा तेरा सहज झाला असता. २०-२५ विक्री होऊ द्या, मग बजेट वाढवा. तेही हळूहळू, आणि दर वाढीनंतर एका क्लिकचा हिशोब पुन्हा मांडा. बजेट वाढलं की क्लिक महाग होऊ शकतो.

कमिशनची उधारी

नफा कागदावर दिसला, पण पैसे कधी? ॲमेझॉनसारख्या प्रोग्राममध्ये महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी कमिशन मिळतं. जाहिरातीचे पैसे मात्र रोज जातात. दर आठवड्याला ५,९०० रुपयांची जाहिरात चालवली, तर पहिलं कमिशन येईपर्यंत तुमचे ५० ते ७५ हजार रुपये अडकलेले असतील. नफ्यात असलेली जाहिरात रोकड संपल्यामुळे बंद पडते ती इथेच. म्हणून वाढवण्याचा वेग तुमच्या रोकडीवर ठरवा.

नियम वाचल्याशिवाय एक रुपया लावू नका

• ॲमेझॉनवर लिंक क्लिक केल्यापासून २४ तासांत ऑर्डर झाली तर कमिशन. त्या वेळात वस्तू कार्टमध्ये टाकली तर मुदत साधारण तीन महिन्यांपर्यंत वाढते. शिलाई मशीन घेताना माणूस घरी विचारतो, चार दिवसांनी घेतो. अशा वस्तूला लांब मुदतीचा प्रोग्राम बरा.

• ॲमेझॉनच्या नावावर, अगदी चुकीच्या स्पेलिंगवरही, सर्च जाहिरात लावता येत नाही. सर्च जाहिरातीतून सरळ ॲमेझॉनवर पाठवणंही चालत नाही. मध्ये स्वतःचं पेज हवं.

• पेजवर वरच्या बाजूला, वाचणाऱ्याला कळेल अशा मराठीत लिहा: "या लिंकवरून खरेदी केल्यास मला कमिशन मिळतं." जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये याबद्दल स्पष्ट सूचना दिल्या आहेत.

• पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सची ऑफर कितीही मोठं कमिशन देत असली तरी हात लावू नका. २०२५ च्या कायद्याने त्यांच्या जाहिरातीवर बंदी आहे आणि तुरुंगवासाची तरतूद आहे.

• "आधी जॉइनिंग फी भरा, मग माणसं जोडा" असं कोणी म्हणालं तर ते ॲफिलिएट मार्केटिंग नव्हे. तिथून निघा.

आजचा गृहपाठ

एका वहीत पाच रकाने आखा: तारीख, काय बदललं, जीएसटीसह खर्च, क्लिक, विक्री. वरच्या कोपऱ्यात दोन आकडे लिहा. एक, एका विक्रीमागे हातात पडणारं कमिशन. दुसरा, त्याची तिप्पट. हे दोन आकडे लिहून झाल्याशिवाय जाहिरातीचं बटण दाबू नका. आणि दुसरा आकडा गाठला, विक्री शून्य असली, तर "अजून एक दिवस बघू" म्हणू नका. बंद करा, वहीत नोंद करा आणि उरलेल्या पैशांनी पुढची टेस्ट लावा. पुढची टेस्ट लावायला पैसे शिल्लक असणं, हेच या धंद्यातलं खरं भांडवल आहे.