धातुशोधक यंत्र ओरडते तेव्हा

२ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. एक गोळी दंडाला चाटून गेली, दुसरी पाठीतून आत शिरली आणि शरीरातच राहिली. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून १४ वर्षे अवकाश होता. गोळी शोधण्यासाठी डॉक्टर जखमेत बोटे आणि सळ्या घालत होते, त्याही निर्जंतुक न करता. अशा वेळी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल पुढे आले. धातूजवळ नेल्यावर टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये आवाज देणारे यंत्र त्यांनी काही दिवसांत उभे केले आणि अंगात जुन्या गोळ्या राहिलेल्या सैनिकांवर ते तपासूनही पाहिले.

२६ जुलैच्या पहिल्या प्रयत्नात यंत्र नुसते तडतडत राहिले. त्याची एक जोडणी चुकली होती. १ ऑगस्टला दुसरा प्रयत्न झाला. या वेळी यंत्र ठीक होते. पण आवाज एका जागी न येता बऱ्याच मोठ्या भागावर अस्पष्ट येत राहिला. दुसऱ्या दिवशी बेल यांनी चौकशी केली, तेव्हा अध्यक्षांच्या अंगाखाली पोलादी तारांची गादी असल्याचे कळले. शिवाय डॉक्टरांना गोळी उजव्या बाजूला असल्याची खात्री होती, त्यामुळे शोधही तिकडेच झाला. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला, स्वादुपिंडाजवळ सापडली. जखमेत पसरलेला जंतुसंसर्ग हे त्यांच्या मृत्यूचे मोठे कारण मानले जाते.

या दोन फसलेल्या प्रयत्नांमध्ये धातुशोधकाच्या गोंगाटाचे दोन मुख्य प्रकार दिसतात. पहिल्या वेळी दोष यंत्रात होता. दुसऱ्या वेळी यंत्र खरे बोलत होते, पण गोळीऐवजी भोवतालच्या धातूविषयी. आजही यंत्र कुरकुरू लागले की हा फरक आधी करावा लागतो.

आवाज नेमका कोणाचा?

ओळखण्याची रीत सोपी आहे. यंत्राची तबकडी, म्हणजे तारेचे वेटोळे असलेला भाग, जमिनीपासून दूर हवेत स्थिर धरायची. तरीही आवाज येत असेल तर जमिनीचा संबंध नाही. बॅटरी उतरलेली आहे का, तबकडीची केबल सैल आहे का, तिची जोडणी घट्ट आहे का, हे पाहायचे. खिशातला मोबाइल, डोक्यावरून जाणारी विजेची तार किंवा शेजारी चालू असलेले दुसरे यंत्र यांमुळेही गोंगाट होतो. अशा वेळी जागा बदलून किंवा यंत्राची वारंवारिता बदलून फरक पडतो. हातातले कडे, बुटातली पोलादी टोपी आणि तबकडीच्या आवरणात साचलेली काळी वाळू यांचाही विचार करावा लागतो.

हवेत यंत्र शांत आणि जमिनीजवळ नेताच बडबडे, असे असेल तर आवाज मातीचा असतो. मातीत लोहाची खनिजे असतात. दख्खनच्या बेसॉल्टपासून बनलेल्या मातीत लोहचुंबक फिरवला की त्याला काळे बारीक कण चिकटतात. त्यात मॅग्नेटाइट असते. कोकण-गोव्याचा जांभा दगड लोहाच्या ऑक्साइडमुळेच तांबडा असतो. चुलीखालची किंवा वीटभट्टीची भाजलेली माती आणखी चुंबकीय होते. अशा जमिनीवरून फिरणाऱ्या यंत्राला पावलोपावली धातूचा भास होतो.

जमिनीशी जुळवून घेणे

तबकडीतून बदलता विद्युतप्रवाह वाहतो आणि भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. ते नाणे किंवा खिळ्यावर पडले की धातूत भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह फिरतात. त्यांचे उत्तर यंत्राकडे किंचित उशिराने पोहोचते. मातीतल्या मॅग्नेटाइटचे उत्तर मात्र जवळपास त्याच क्षणी येते. यंत्र या वेळेतल्या फरकावरून दोन्ही वेगळे करू शकते, पण त्याला आधी या जमिनीचे उत्तर शिकवावे लागते. यालाच ग्राउंड बॅलन्स म्हणतात.

त्यासाठी आधी धातू नसलेली जागा निवडायची. मग तबकडी गुडघ्याच्या उंचीपासून जमिनीच्या दोन-तीन सेंटिमीटर वरपर्यंत सावकाश खाली-वर करायची. खाली नेताना आवाज वाढत किंवा कमी होत असेल तर बटण फिरवत राहायचे आणि वर-खाली दोन्हीकडे आवाज सारखा झाला की थांबायचे. काही यंत्रे हे काम आपोआप करतात, पण तबकडी हलवावी लागतेच. यात दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे जमिनीत खिळा असताना त्याच्यावरच जुळवणी करणे; मग यंत्राला खिळाही मातीच वाटू लागतो. दुसरी म्हणजे एकदा केले की झाले, असे समजणे. काळ्या मातीतून मुरमाड जमिनीत गेलो, किंवा कोरड्या वाळूतून समुद्राच्या ओल्या, खारट वाळूत उतरलो, की जुळवणी पुन्हा करावी लागते.

हा खेळ नाण्यांच्या छंदापुरता असता तर एवढे महत्त्व नव्हते. कंबोडियासारख्या देशांत भूसुरुंग शोधणाऱ्यांचा जीव या जुळवणीवर असतो. काही सुरुंग जवळजवळ पूर्ण प्लॅस्टिकचे असतात आणि त्यांत एक ग्रॅमपेक्षाही कमी धातू असतो. त्यात तिथली जांभ्यासारखी तांबडी माती आणखी अवघड. तिच्यातले अतिसूक्ष्म लोहकण धातूसारखेच उशिरा उत्तर देतात. गोंगाट थांबवायचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे यंत्राची संवेदनशीलता कमी करणे. पण मग नेमका तो लहान सुरुंगच निसटू शकतो. म्हणून जुळवणी झाल्यावर यंत्रासमोर ठरावीक नमुना ठेवून ते अजूनही ऐकू येते ना, हे तपासतात. हे काम दिवसाच्या सुरुवातीला आणि मध्येमध्येही करतात. प्रयोगशाळेत रुग्णाच्या नमुन्याआधी ज्ञात मूल्याचा नमुना चालवतात, त्यामागेही हाच विचार असतो.

अतिदक्षता विभागातही हेच घडते. छातीवरचा इलेक्ट्रोड सुटला, रुग्णाने कूस बदलली, की मॉनिटर वाजतो. सतत वाजणाऱ्या घंटेची सवय होते आणि कोणीतरी तिचा आवाज बंद करतो. घंटा बंद करण्यापेक्षा इलेक्ट्रोड पुन्हा नीट चिकटवणे आणि त्या रुग्णाला साजेशा मर्यादा ठरवणे, हा योग्य उपाय.

गिळलेले नाणे

बेल यांची कल्पना आता लहान मुलांच्या बाबतीत उपयोगी पडते. मुलाने नाणे गिळले असेल तर काही रुग्णालयांत हातातले छोटे धातुशोधक गळ्यापासून पोटापर्यंत फिरवून ते अन्ननलिकेत अडकले आहे की पोटात उतरले आहे याचा अंदाज घेतात. यात किरणोत्सर्ग नसतो. मात्र आधी मुलाची साखळी, करगोट्यातली चांदीची घंटी, धातूची बटणे काढावी लागतात आणि लोखंडी खाटेपासून दूर उभे करून तपासावे लागते. १८८१ मधला गादीचा धडा इथेही लागू पडतो.

पण यंत्राला नाणे आणि गोल बटण बॅटरी यांतला फरक सांगता येत नाही. घड्याळ, रिमोट किंवा खेळण्यातली अशी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही गंभीर जखम होऊ शकते. म्हणून मुलाने नेमके काय गिळले याची खात्री नसेल, तोंडातून लाळ गळत असेल, गिळताना दुखत असेल किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर यंत्राच्या आवाजावर विसंबू नये. उलटी करवू नये, घरी वाट पाहू नये. मुलाला तातडीने एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे, आणि घरात तशीच दुसरी बॅटरी किंवा तिचे वेष्टन असेल तर तेही बरोबर घ्यावे.