भंगारातले परग्रहवासी

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सक्करदऱ्यातील आपल्या वस्तीत मुलांचे पाच दिवसांचे शिबिर घेतले. टाकाऊ वस्तूंपासून अवकाशयाने, दुर्बिणी आणि परग्रहावरील जीव तयार करायचे, असा बेत होता. पहिल्याच दिवशी एक माउली मुलाचा हात धरून आली आणि म्हणाली, "भाऊ, बाबासाहेबांनं आमाले घाणीचे कामं सोडाले सांगतलं. माह्या सासूनं जिंदगीभर कचरा येचला. आता तुमी पोराच्या हातात पुन्हा भंगारच देता काय?"

आम्ही निरुत्तर झालो. सुखवस्तू घरात भंगाराची मूर्ती ही हौस असते. आपल्या घरात भंगार म्हणजे पोटासाठी करावे लागलेले काम आणि त्यापायी ऐकलेले टोमणे. त्या बाईंचे म्हणणे खोटे नव्हते.

म्हणून आम्ही नियम केले. कोणीही रस्त्यावरून काही वेचून आणायचे नाही. प्रत्येकाने आपल्याच घरातील वस्तू धुऊन आणायची. सेल, ट्यूबलाइट, सुया आणि औषधांच्या बाटल्या वर्ज्य. पत्र्याच्या कडा मोठ्यांनी घासून द्यायच्या. आम्ही स्वतः घरची मोडकी छत्री आणि सायकलची जुनी चेन घेऊन गेलो.

मग मुलांना अरविंद गुप्ता यांची गोष्ट सांगितली. कानपूरच्या आयआयटीतून इंजिनिअर होऊन ते पुण्याच्या टेल्कोत नोकरीला लागले. १९७८ साली रजा घेऊन ते मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तेथे त्यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमितीचे आकार केले. पुढे डॉ. जयंत नारळीकरांनी उभारलेल्या पुण्याच्या आयुका संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी २०१४ पर्यंत काम केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वस्तू टाकाऊ असली तरी तिला लावलेली बुद्धी टाकाऊ नसते, हे मुलांना पटले.

त्यांचाच प्रयोग आम्ही केला. गूल खरवडून काढलेल्या चार काड्यांचा चौकोन हलतो, तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही. मूर्तीचे पाय डगमगत असतील तर मध्ये आडवी काडी घालून त्रिकोण करा. छत्रीच्या काड्यांवर जुनी जाळी ताणून मुलांनी रेडिओ दुर्बीण केली. जुन्नर तालुक्यात खोडदच्या परिसरात अशा खऱ्या ३० दुर्बिणी आहेत. एकेकीचा व्यास ४५ मीटर. त्यांच्या ताटलीलाही पत्रा नाही, तारांची जाळीच आहे. त्यामुळे वारा आरपार जातो, वजन आणि खर्च कमी होतो.

परग्रहवासी करताना मात्र सगळ्यांनी टीव्हीतला दोन शिंगांचा माणूसच केला. आम्ही सांगितले, पृथ्वीबाहेर जीव असल्याचा पुरावा आजवर मिळालेला नाही; तेव्हा कल्पना करा, पण कारण सांगा. मंगळावर वस्तूचे वजन पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्केच भरते, तर तिथल्या जिवाला जाड पाय कशाला? गुरूच्या युरोपा या चंद्रावर बर्फाच्या थराखाली खाऱ्या पाण्याचा समुद्र असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. त्याच्या अभ्यासासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये नासाचे युरोपा क्लिपर यान निघाले आहे. मग तिथला जीव कसा असेल?

शेवटच्या दिवशी पालकांना बोलावले. ती माउलीही आली. तिच्या मुलाने तेलाच्या बाटलीचे धड आणि वायरींचे लांब हात असलेला जीव मांडला होता.

"याले डोये काहून नाही लावले?" तिने विचारले.

"माय, हा युरोपावरचा आहे. बर्फाखाली अंधारच अंधार. तिथं डोये काय कामाचे? हा हातानंच चाचपते."

ती बराच वेळ त्या वायरींना हात लावून पाहत राहिली. मग मुलाला म्हणाली, "घरी नेऊन टेबलावर ठेव. कोणी कबाडात टाकू नका मंजे झालं."

पालक बंधू-भगिनींनो, काम जन्मावरून लादले गेले की अपमान होतो. तेच हात ज्ञानाने आणि स्वतःच्या मर्जीने चालले की माणूस घडतो. येत्या सुट्टीत मुलांना गांधीसागराजवळच्या रमण विज्ञान केंद्रात न्या, तारांगण दाखवा. घरी आल्यावर एक रिकामा डबा त्यांच्यापुढे ठेवा आणि विचारा, याचे काय करशील? उत्तर देण्याची घाई आपण करू नये.