स्क्रीनवरचं चित्र कोणासाठी?

'डिझाइन' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? चकाचक थ्रीडी मॉडेल, त्यावर पडलेला सुंदर प्रकाश, मागे निळं आकाश! मी डिझाइनच्या मुलांना हेच शिकवतो. याला म्हणतात डिजिटल चित्रण. एखादी वस्तू बनण्याआधीच ती कॉम्प्युटरवर दाखवायची, म्हणजे ती तपासता येते. सॉफ्टवेअर मुलं महिन्याभरात शिकतात. गाडी अडते ती एका साध्या प्रश्नावर. "हे वापरणार कोण?" उत्तर ठरलेलं : "सर, सगळेच!"

आता 'सगळेच' नावाचा माणूस कधी कोणाला भेटलाय का? म्हणून चित्रणाच्या जोडीला वापरकर्ता-केंद्री डिझाइन शिकवावं लागतं. नाव भारदस्त आहे, पण पद्धत सोपी. आधी माणूस बघा, त्याची अडचण ओळखा, कच्चं चित्र काढा, त्यालाच दाखवा, चुकलं तिथे दुरुस्त करा. आणि हे पुन्हा पुन्हा करा.

यासाठी मी एक काम देतो. नाशिकरोड स्टेशनपासून रामकुंडापर्यंतचा नकाशा काढा. कोणासाठी? मराठी वाचता न येणाऱ्या, नातवाचा हात धरून गर्दीतून चाललेल्या सत्तरीच्या आजीसाठी. पहिल्या दिवशी येतात ते नकाशे देखणे असतात. सगळे रस्ते, सगळी नावं, इमारतींच्या सावल्यासुद्धा! मग मुलांना पंचवटीत पाठवतो. तिथे कळतं की उत्तर-दक्षिण कोणी विचारत नाही. लोक विचारतात, "रिक्षा कुठे सोडते? पूल ओलांडायचा का? परत कुठून यायचं?" परतीचा रस्ता तर निम्म्या मुलांनी काढलेलाच नसतो.

दुसरा नकाशा पेन्सिलनेच काढायचा, हा माझा नियम. याला कारण आहे. चित्र गुळगुळीत झालं की बघणारा चूक दाखवायला संकोचतो आणि काढणारा त्याच्या प्रेमात पडतो. कच्च्या चित्रावर मात्र कोणीही बिनधास्त बोट ठेवतो. ते चित्र पाच जणांना दाखवायचं आणि आपण गप्प बसायचं. बोट जिथे अडखळेल तिथे खूण करायची. पाचच का? जेकब नीलसन या तज्ज्ञाने 2000 साली मांडलं की बहुतेक मोठ्या चुका तेवढ्यात सापडतात. त्या सुधारून पुन्हा नवे पाच जण शोधावेत.

आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांना अभिमान वाटावा असं उदाहरण लंडनचं आहे. हॅरी बेक हा भुयारी रेल्वेतला ड्राफ्ट्समन. 1931 साली त्याने विजेच्या सर्किटसारखा, सरळ आणि तिरप्या रेषांचा नकाशा काढला. खरी अंतरं त्याने चक्क सोडून दिली. जमिनीखालच्या प्रवाशाला हवं असतं ते एवढंच : पुढचं स्टेशन कोणतं आणि गाडी कुठे बदलायची. 1933 साली तो नकाशा छापला गेला आणि पुढे जगभरच्या मेट्रोंनी तीच पद्धत उचलली.

आता घरचं उदाहरण. 2003 च्या सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि 39 भाविक गेले. 2015 च्या सिंहस्थाआधी नाशिकमध्ये 'कुंभथॉन' भरलं. मूळचे नाशिकचेच असलेले एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर त्यामागे होते. तिथे तयार झालेलं एक साधन म्हणजे 'आशिओतो', जपानी भाषेत पावलांचा आवाज. दाट गर्दीत कॅमेऱ्याला डोकी नीट मोजणं तेव्हा अवघड होतं, मोबाइल प्रत्येकाकडे नव्हता. पण पाय तर प्रत्येकाला टाकावंच लागतं! म्हणून रस्त्यावर चटई अंथरली आणि पावलांच्या दाबावरून माणसं मोजली. एका शाळकरी मुलाचाही यात मोठा वाटा होता.

चित्रणाचं काम सुरू होतं ते यापुढे. समजा, आकडा बंदोबस्तावरच्या हवालदाराच्या स्क्रीनवर आला. नुसत्या '4,873' वरून त्याने काय समजायचं? त्याला कळायला हवं की रस्ता भरतोय की रिकामा होतोय, आणि लोकांना आता दुसरीकडे वळवायचं का. उन्हात, गोंगाटात, एका नजरेत! तिथे थ्रीडी सावल्या काय कामाच्या? दोन ठळक रंग आणि एक बाण जास्त उपयोगी.

2027 मध्ये नाशिकच्या सिंहस्थात पुन्हा शाही स्नानं आहेत. तेव्हाचे फलक, नकाशे, अ‍ॅप तुमच्यातलंच कोणी बनवेल. तोवर सराव होस्टेलवरच करा की! पुढच्या प्रोजेक्टची स्क्रीन सबमिशनच्या आधी मेसच्या काकांच्या हातात द्या. काही समजावून सांगू नका, फक्त त्यांचं बोट कुठे थांबतं ते बघा. मार्क तर मिळतीलच. पण त्याआधी उत्तर मिळेल.