फासे, बंदूक आणि सरकारी माळ

नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागात, कर्जत-श्रीगोंदा-पाथर्डीकडे, सशाच्या नाहीतर तित्तराच्या शिकारीचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक म्हणजे, ‘पारध्यांना, भिल्लांना चालतं हो, त्यांना कायद्यानंच सूट आहे.’ आणि दुसरं, ‘पूर्वी सगळ्यांनाच मोकळीक होती, ते बहात्तरच्या कायद्यानं बंद पाडलं.’ दोन्ही वाक्यं छातीठोकपणे सांगितली जातात. खरं त्यातलं एकही नाही.

सुटीची गोष्ट आधी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या नवव्या कलमात पहिल्या आणि दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यांच्या शिकारीला मनाई आहे. शिकार करणारा कोणत्या जमातीचा, पोटासाठी करतो की हौसेसाठी, हे ते कलम विचारतच नाही. पूर्वापार शिकारीचा हक्क या कायद्याने नावानिशी राखून ठेवला तो एकाच ठिकाणच्या लोकांसाठी: पासष्टाव्या कलमात निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींसाठी. नगरचे पारधी, भिल्ल, ठाकर, महादेव कोळी यांच्यासाठी तसं कलम नाही.

मग ही समजूत आली कुठून? बहुधा वनहक्क कायद्यातून. २००६ च्या या कायद्याने आदिवासींना जंगलावरचे बरेच हक्क परत दिले. अकोल्याच्या डोंगरात हिरडा वेचायचा, मध काढायचा, गुरं चारायची, पाण्यातले मासे धरायचे, याला त्यात जागा आहे. कायद्याचं तिसरं कलम परंपरेने चालत आलेल्या इतर हक्कांनाही मान्यता देतं. पण त्याच वाक्यात अपवाद घातला आहे: वन्यप्राण्याची शिकार करणं, त्याला फासात धरणं किंवा त्याच्या शरीराचा भाग काढणं हा पारंपरिक हक्क वगळून. आदिवासींवरचा ऐतिहासिक अन्याय दूर करायला केलेल्या कायद्यात शिकारीचं दार असं आठवणीने लावून घेतलेलं आहे.

अकोले तालुक्यात याला आणखी एक फाटा फुटतो. इथला आदिवासी भाग अनुसूचित क्षेत्रात असल्याने पेसा, म्हणजे अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू आहे, तेव्हा ग्रामसभेने ठराव केला की झालं, असं काही जण धरून चालतात. पेसाने गौण वनोपजावर ग्रामसभेला मालकी दिली, हे खरं. ससा किंवा भेकर मात्र गौण वनोपजात बसत नाही. शिवाय याच तालुक्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, आणि अभयारण्यात कायदा सैल होत नाही, आणखी कडक होतो.

आता दुसरं वाक्य, पूर्वीच्या मोकळिकीचं. ही मोकळीक नेमकी कुणाला होती, हे पाहिलं की चित्र पालटतं. भारतीय वन अधिनियम १९२७ चा. त्याच्या सव्विसाव्या कलमानुसार राखीव जंगलात सरकारी नियम मोडून शिकार करणं, गोळी घालणं, मासे मारणं, पाण्यात विष कालवणं, सापळे किंवा फासे लावणं हा गुन्हा होता, आजही आहे. नियम पाळून शिकार करायची तर परवाना हवा. परवान्याला फी हवी, बंदूक हवी आणि साहेबाकडे अर्ज घेऊन उभं राहण्याची पत हवी. म्हणजे तंबू ठोकून बसलेला कलेक्टर, एखादा इनामदार, शहरातला हौशी वकील यांना सरकारी जंगल खुलं होतं. पारध्याला ते तेव्हाही बंदच होतं.

फासेपारध्याची शिकार कशी चाले, हे एकदा डोळ्यांसमोर आणावं. जमिनीत खोचलेल्या बांबूच्या बारीक काड्या, प्रत्येक काडीला सरकगाठीचा एक फास, अशी लांबच लांब ओळ गवतात मांडायची. पिंजऱ्यातला पाळीव तित्तर आवाज देतो, रानातला तावातावाने त्याच्यावर चालून येतो आणि पाय फासात अडकतो. शिकवलेल्या गाईच्या आडोशाने पक्ष्यांच्या अगदी जवळ जायची तऱ्हाही पारध्यांकडे होती. यात दारूगोळा नाही, आवाज नाही, खर्च जवळपास शून्य. साहेबाच्या दृष्टीने मात्र ही शिकार नव्हेच, ही चोरी. त्यावर गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का होता. १८७१ साली सुरू झालेला हा कायदा देशभरातून गेला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. लोकांच्या नजरेतला शिक्का त्यानंतरही पुसला गेला नाही, हे नगर जिल्ह्यात कुणाला सांगायला नको.

बहात्तर सालाबद्दलही एक घोळ आहे. मूळ कायद्याने सगळी शिकार एका दिवसात बंद केली नव्हती. पहिल्या अनुसूचीतले प्राणी वर्ज्य होते, पण बाकी शिकारीसाठी मोठ्या प्राण्यांचा, छोट्या प्राण्यांचा, असे वेगवेगळे परवाने कायद्यातच होते. जिवंत प्राणी पकडायचाही परवाना होता. ही कलमं वगळली गेली ती १९९१ च्या दुरुस्तीने. परवाना पद्धत गेली तेव्हा हौशी शिकाऱ्याची करमणूक गेली. माळावरच्या कुटुंबाचं कालवण कागदावर कधीच मंजूर नव्हतं.

‘अमेरिकेत बघा, तिकडे आदिवासींना हक्क आहे’ हा दाखलाही अर्धवट आहे. अलास्कात १९८० च्या केंद्रीय कायद्याने केंद्राच्या जमिनीवर पोटासाठी शिकार करणाऱ्यांना हौशी शिकाऱ्यांच्या आधी मान दिला, पण तो ग्रामीण रहिवाशांना, वंश न पाहता. शहरात राहणारा मूलनिवासी त्यातून बाहेर, खेड्यातला गोरा आत. १९८९ मध्ये अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने असा ग्रामीण अग्रक्रम राज्याच्या घटनेत बसत नाही, असा निकाल दिला आणि पुढच्या वर्षी केंद्राने आपल्या जमिनींवरचं हे काम स्वतःकडे घेतलं. तिकडे भांडण आहे ते आधी कुणी मारायचं याचं. नगरच्या माळावर रांगच नाही.

‘सरकारी जमिनीवर नको, पण माझ्या वावरात मी मारीन’ हा शेतकऱ्यांचा आवडता युक्तिवाद. जमीन वनखात्याची, गायरान की सातबाऱ्यावरची, याने मनाईत फरक पडत नाही. फरक पडतो तो प्राण्याने. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. ते जिवाला किंवा उभ्या पिकाला धोका ठरत असेल, तर अकराव्या कलमाखाली अधिकृत अधिकारी कारणं नोंदवून लेखी आदेशाने मारायची परवानगी देऊ शकतो. काळवीट पहिल्या अनुसूचीत. त्याने ज्वारीचं अख्खं रान खाल्लं तरी पिकासाठी त्याला मारायची परवानगी मिळत नाही. त्याची वाट नुकसानभरपाईच्या अर्जाची. पीक संरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी, हाही भ्रमच. आणि परवानगीने मारलेलं डुक्करसुद्धा सरकारची मालमत्ता. त्याचे वाटे घालता येत नाहीत.

बिबट्याचं प्रकरण सध्या उत्तरेकडच्या ऊसपट्ट्यात तापलेलं असतं. तोही पहिल्या अनुसूचीत. जेरबंद करणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्य नाही अशी खात्री पटली, तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारायचा आदेश देऊ शकतात. अंगावर आलेल्या जनावराला सद्‌हेतूने, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना मारलं तर तो गुन्हा नाही. पाठलाग करून, घेरून मारणं त्यात बसत नाही.

शिकार म्हणजे ठार मारणं, इतका साधा अर्थही कायद्याला मान्य नाही. फास लावणं, आमिष टाकणं, हाकारा करणं, नुसता प्रयत्न करणं, पक्ष्यांची अंडी फोडणं हे सगळं शिकारीतच येतं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्राणी पहिल्या अनुसूचीतला असेल किंवा जागा अभयारण्याची असेल तर कैद किमान तीन वर्षं, कमाल सात, आणि दंड किमान पंचवीस हजार. कर्जतजवळचं रेहेकुरी काळवीट अभयारण्य जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं आहे. तिथे काळवीट सोडा, ससा मारला तरी हीच शिक्षा.

माळढोक अभयारण्याच्या बाबतीत उलटा गैरसमज पसरला. १९७९ साली नगर आणि सोलापूर जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरवर ते जाहीर झालं. त्यात गावं, शेतं, बाजारपेठा सगळं आलं. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं, तेव्हा ‘आता बंधनं उठली’ अशी हवा झाली. जमिनीवरची उठली. सशावरची, तित्तरावरची, घोरपडीवरची तशीच राहिली. घोरपड तर पहिल्या अनुसूचीत आहे.

पारध्यांसाठी कायद्यात काहीच नाही, असं मात्र म्हणता येत नाही. वनहक्क कायद्याने भटक्या समाजांचा हंगामी वावर मान्य केला आहे: ठरावीक दिवसांत रानात येणं, चराई, पाणी, मासे. दावा करायचा तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा त्या वनजमिनीशी संबंध दाखवावा लागतो. मुक्काम सतत हलता ठेवल्याशिवाय ज्यांना गावं टिकू देत नव्हती, त्यांच्याकडे अशा वास्तव्याचा कागद सहसा नसतो. गावातल्या वृद्धांचा जबाब पुरावा म्हणून चालतो, अशी तरतूद नियमांत आहे. तो जबाब द्यायला त्या गावातलं कुणीतरी पुढे यावं लागतं.