इंग्रजी शब्दांची घराणी : लेखांक सातवा – ‘सेट’

गेल्या लेखांकात आपण ‘रन’ या क्रियापदाचा विस्तार पाहिला. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या नव्या संस्करणासाठी त्याची नोंद सिद्ध करताना पीटर गिलिव्हर या संपादकांना त्याचे ६४५ अर्थ लावावे लागले, आणि अनेकार्थतेची जी गादी दीर्घकाळ ‘सेट’कडे चालत आली होती ती त्यायोगे त्याच्या हातून गेली. तथापि या पदच्युताची कैफियतही ऐकण्याजोगी आहे; कारण १९८९ च्या वीस खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ४३० अर्थांचा मुलूख एकट्या त्याच्या नावे दाखल होता.

सूर्य ‘सेट’ होतो, जेली ‘सेट’ होते, वैद्य मोडलेले हाड ‘सेट’ करतो, छापखान्यातला जुळारी खिळे ‘सेट’ करतो, टेनिसपटू ‘सेट’ जिंकतो. ही मंडळी एका छपराखाली नांदतात तरी कशी, असे प्रथमदर्शनी वाटते. उलगडा साधा आहे. ‘सिट’ म्हणजे बसणे, आणि ‘सेट’ हे त्याचे प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. जर्मनमध्ये हीच जोडी ‘झित्सेन’ आणि ‘झेत्सेन’ अशी आढळते, आणि संस्कृतात सद् धातूची ‘सीदति’ व ‘सादयति’ ही रूपे त्याच नात्याची असून सदन, परिषद आणि संसद हे आपले शब्द त्या धातूचेच वंशज होत.

मराठीतले ‘बसणे’ मात्र ‘उपविश्’पासून, जुन्या ‘बैसणे’च्या वाटेने आलेले, असे असूनही आपल्या ‘बसवणे’ने नेमका तोच मार्ग चोखाळावा, हे मला या प्रकरणातले सर्वांत रंजक वाटते. आपण अंगठीत खडा बसवतो, हाड बसवतो, वेशीवर पहारा बसवतो, आणि या प्रत्येक ठिकाणी इंग्रजाच्या तोंडी ‘सेट’ येऊ शकतो. (नाटक मात्र आपण बसवतो, तेथे तो दुसरे क्रियापद काढतो.) जेथे ‘बसवणे’ तोकडे पडते तेथे ‘लावणे’ मदतीस धावते : सापळा लावायचा, गजर लावायचा, आणि जेली जशी ‘सेट’ होते तसे आपले दही लागते. तारीख अथवा दर ठरवण्याचे काम जुन्या दफ्तरांनी ‘मुक्रर’वर सोपवलेले. म्हणजे इंग्रज एकाच कारकुनाकडून जी कामे उरकून घेतो, त्यांसाठी आमच्या कचेरीत तिघे बसलेले असतात.

परंतु पेल्यांचा, दागिन्यांचा किंवा गणितातला ‘सेट’, ज्याला आपण संच म्हणतो, तो या घराण्यात मूळचा नव्हे. लॅटिन ‘सेक्ता’, म्हणजे एखाद्याच्या मागून जाणारा पंथ, तेथून फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला, आरंभी माणसांच्या मेळ्यास लागू होता, आणि समोच्चारी क्रियापदाच्या शेजारामुळे दोघांची दौलत इतकी मिसळली की वाटणीचा दावा लावावा तरी निकाल देणे कोशकारांनाही कठीण. या ‘सेक्ता’च्या मुळाशी अनुसरण्याच्या अर्थाचे जे क्रियापद आहे, त्याचा संस्कृतातला भाऊबंद सच् धातू, सचिव तो त्यातूनच, मूळचा सोबती. तेव्हा ‘सेट’चे एक कूळ संसदेशी नाते सांगते आणि दुसरे सचिवाशी.

‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ ही उपपदे जोडून ‘सेट’ने जो वेगळाच दरबार भरवला आहे, त्याची झडती पुढील आठवड्यात घेऊ.